सासऱ्यांच्या खिशातला वजीर

"टाक वजीर! अय दादा, टाक ना वजीर! मात है ना भो, समोर मात है!"

ओरडणारा माझा दोस्त होता. फुलबाजारात माझी फुलं त्याच्याच गाळ्यावर विकली जातात आणि त्याच्या आवाजावर पहाटे अर्धी पंचवटी उठते. झेंडूचा भाव पुकारायचा तो आवाज त्यानं बुद्धिबळाच्या स्पर्धेत, सगळे श्वास रोखून बसलेले असताना सोडला. हॉलचे पंखे क्षणभर उलटे फिरले. तिसऱ्या टेबलावरचा एक राजा हादऱ्यानं आडवा झाला आणि समोरच्यानं ती शरणागती समजून हात पुढे केला. तो घोळ निस्तरायला पंचांना नंतर चहाचे दोन कप लागले.

हॉल म्हणजे गंगापूर रोडवरचं एक मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाचं स्टेज तसंच होतं आणि मुख्य पंच नवरदेवाच्या सिंहासनावर बसले होते. तिथून ते उठले ते थेट धावतच आले.

"बाहेर! आधी बाहेर व्हा!"

"अहो साहेब, मी कुठं खेळतोय? मी नुसतं सांगतोय."

"सांगायचंच नसतं!"

"मग बघायला कशाला बसवलं माणसांना? त्याला दिसत नाय, मला दिसतंय, तर मी काय तोंड शिवून बसू?"

त्याला दोघांनी धरून दाराकडे नेला. जाताना तो प्रत्येक टेबलावर वाकून बघत होता आणि एकाला तर "घोडा गेला तुझा" असं हळूच सांगूनही गेला. हळूच म्हणजे त्याच्या मानानं. सातपूरपर्यंतच गेलं असेल.

माझ्यासमोर होत्या एक निवृत्त गणिताच्या बाई. पांढराशुभ्र अंबाडा, शेजारी थर्मास, आणि जन्मभर चुकीची उत्तरं बघून शांत झालेले डोळे. पंच परत येऊन विचारायला लागले की बाई, तुमची तक्रार आहे का. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. त्याला दिसली असती तर त्यानं मघाशीच मात दिली असती. आणि बाहेरून सांगितलेलं उत्तर ढ मुलाला कधी लिहिता येत नाही, माझा अनुभव आहे."

आता ऐका. मला ती मात दिसत होती. सप्तशृंगीचा डोंगर दिसावा तशी स्वच्छ दिसत होती. बुद्धिबळाच्या पटावर आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी दिसलं होतं आणि नेमकं तेच मी करत नव्हतो. कारण भिंतीला लागून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढरी टोपी आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून माझे सासरे बसले होते. आणि वजिराची मात त्यांच्या दरबारात चालत नाही.

हे सासरे सटाण्याचे. कांद्याचे शेतकरी. कांदा साठवणीच्या चाळीत भरला की बाजार चढेपर्यंत माणसानं करायचं काय, तर त्यांच्याकडे बुद्धिबळ खेळायचं. चाळीच्या सावलीत घोंगडी, घोंगडीवर कापडाचा पट, आणि समोर गावातला कुणीतरी बळीचा बकरा. त्यांचा नेहमीचा भिडू मुलाकडे सुरतेला राहायला गेला आणि त्यांना नव्या बकऱ्याची गरज पडली. त्याच सुमारास मी सासुरवाडीला गेलो. चाळिशी उलटली की लोक रक्तदाबाची गोळी सुरू करतात, मला सासऱ्यांनी बुद्धिबळ सुरू करून दिलं. दोन्ही एकदा लागलं की सुटत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी सोंगट्या मांडल्या, मग आपला वजीर उचलला आणि बंडीच्या खिशात घातला.

मी म्हणालो, "मामा, हे काय?"

"पाव्हणा शेत तुम्ही," ते म्हणाले.

म्हणजे पाहुणे आहात तुम्ही, हा पाहुणचार. जावयाला जेवायला पुरणपोळी, झोपायला नवी गादी आणि खेळायला बिनवजिराचा सासरा. मी मनात हसलो. वजिराशिवाय खेळणारा माणूस म्हणजे बिनइंजिनाचा ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरनं मला चहा निवायच्या आत नांगरून टाकलं. पुन्हा मांडला, पुन्हा नांगरलं. संध्याकाळपर्यंत माझ्या राजानं पटावरचं एकही घर असं ठेवलं नाही जिथे तो मेला नाही.

तेव्हापासून सगळी वर्षं तसंच. मी सटाण्याला जायचो, ते वजीर खिशात घालायचे आणि मी हरायचो. त्या खिशातून वजिराचं टोक बाहेर डोकावत असायचं. मेव्हणे यायचे, मेव्हण्या यायच्या, शेजारचे यायचे, आणि पटाकडे न बघता आधी खिशाकडे बघायचे. "अजून खिशातच का?" असं एकमेकांना विचारायचे. माझी बायको, जिनं माझ्या बाजूनं उभं राहायला हवं, ती म्हणायची, "अहो, वजीर खिशात असताना तुमची ही गत. तो पटावर आला तर तुम्हाला नाशिकला कोण आणणार?"

एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, वजीर पटावर कधी?"

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "बाहेरना मानूसले मात द्या. मंग ठेवसू."

बाहेरच्या माणसाला, म्हणजे घरातल्या, भावकीतल्या, लाजेकाजेनं हरणाऱ्या माणसाला नाही. अनोळख्याला. मी म्हणालो, ठरलं. तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "प्यादानी मात. वजीरनी मात कोनी बी देस."

त्यांच्या घराण्यात मात पायरीनं मोजतात. वजिरानं मात दिली तर ती मात लिहायचीसुद्धा नाही, म्हणजे जेसीबी लावून तुळस लावल्यासारखं. हत्तीची मात चालवून घ्यायची. घोड्याची मात झाली तर चहा. आणि प्याद्याची मात झाली तर हरलेल्या माणसानंसुद्धा टोपी काढायची. सासऱ्यांच्या वडिलांनी म्हणे एका तमाशाच्या फडमालकाला प्यादेमात दिली, तर त्यानं त्या रात्री तमाशा फुकट केला. गावात ही गोष्ट सांगणारे सगळे त्या तमाशाला हजर होते, आणि त्यातले निम्मे तेव्हा जन्मलेले नव्हते.

बस्स. मी नाशिकला परत आलो तो वेडा होऊनच.

माझी मखमलाबादला फुलशेती. गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, बाहेर शेवंती, झेंडू. मी पॉलिहाऊसच्या वाफ्यांना पटाच्या घरांसारखी नावं दिली. मजूर बायांना मी सांगायचो, "उंटाच्या रांगेतले राजाकडून तिसरे तोडा." त्या सरळ माझ्या बायकोकडे जाऊन विचारायच्या की मालकांना ताप आहे का. फोनवर मी परदेशी लोकांशी खेळायला लागलो. ब्राझीलचा एक माणूस मला इतक्या वेळा हरवायचा की शेवटी त्यालाच कंटाळा आला आणि त्यानं मला ब्लॉक केलं. जिंकून ब्लॉक करणारा मी तरी दुसरा ऐकला नाही. व्हिडिओ बघत मी फवारणी केली आणि एकदा बुरशीनाशकाऐवजी नुसतं पाणी मारत अख्खा प्लॉट फिरून आलो. गुलाबांना काही झालं नाही, उलट ते आनंदी दिसले. रात्रंदिवस पट डोळ्यांसमोर. पोळीचा तुकडा मोडला की मी तो आमटीत बुडवण्याआधी बघायचो की तिथं कुणी मारणारं तर नाही ना. रविवारी मिसळ खायला गेलो तरी पावाची लादी दिसली की मनात घरं मोजायचो.

मग स्पर्धा. पहिल्या स्पर्धेत मी घड्याळाचं बटणच दाबलं नाही, माझा वेळ संपला तेव्हा मी समोरच्याला म्हणालो, किती विचार करताय हो. दुसऱ्या स्पर्धेत घोटीहून आलेल्या तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं मला हरवलं आणि वर सांत्वन म्हणून इंद्रायणी तांदूळ देऊ केला. तिसऱ्या स्पर्धेत मी शून्य गुण मिळवूनही शेवटून दुसरा आलो, कारण एक जण आलाच नव्हता.

आणि ही चौथी. सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, धूळ नको, ऊन नको, वाकू नका. बुद्धिबळ नको असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी सकाळपासून माझे सगळे डाव बघितले होते. एकूण एक हरलो होतो. काळ्या चष्म्यामुळे ते झोपलेत की हसतात हेही कळत नव्हतं. आता शेवटची फेरी. आज नाही जमलं तर ते उद्या सटाण्याला परत, आणि वजीर खिशात तो खिशातच.

बाईंविरुद्धचा डाव माझ्या बाजूनं कसा वळला हे मी लोकांना तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे सांगतो. खरं असं की मी सुरुवातीला इतकं वाईट खेळलो की बाईंनी लक्ष देणंच सोडलं. त्या थर्मासमधला चहा ओतत होत्या, एका हातानं चाली करत होत्या आणि त्या बेफिकिरीत त्यांचा वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात येऊन उभा राहिला. घोड्यानं मागंपुढं न बघता खाल्ला. बाईंनी कप खाली ठेवला. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे त्यांनी माझा तो घोडा, दोन्ही हत्ती आणि बराचसा आत्मविश्वास काढून घेतला. पण वजीर माझ्याकडे राहिला.

तर चित्र असं होतं. बाईंचा राजा कोपऱ्यात. त्याच्या पुढ्यात त्यांचंच एक प्यादं, त्याची वाट अडवून. माझी दोन प्यादी त्या राजाच्या अगदी दाराशी, लग्नघरी बिनबोलावता येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखी. माझा वजीर मधोमध. बाईंकडे लढायला उरला होता फक्त एक हत्ती, तो पार पलीकडच्या टोकाला. माझा वजीर सरळ शेवटच्या ओळीत नेला की मात. दोस्त ओरडला ती हीच. एक चाल. मी जिंकतो, आयुष्यातला पहिला गुण मिळतो, पेढे वाटतो.

आणि सासरे म्हणतात, वजीरनी मात कोनी बी देस.

घड्याळात माझं मिनिटभर उरलं असेल. मी वजिराकडे हात नेला. दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या दोस्तानं "हां, हां" अशी मान हलवली. मी हात मागे घेतला. त्यानं काचेवर कपाळ आपटलं.

मला एक विचार आला होता. विचार मोठा नव्हता, माझ्या डोक्यात मोठा विचार मावत नाही. माझी दोन प्यादी एका रिकाम्या घरावर टपून बसली होती, बाईंच्या राजाच्या तिरक्या रेषेतलं घर. प्यादं तिरकं मारतं. बाईंनी त्या घरात काहीही आणून ठेवलं तर माझं एक प्यादं ते मारेल, दुसरं प्यादं पाठीशी उभं राहील, वजीर पळायचं उरलेलं घर अडवेल आणि कोपऱ्यातला राजा प्याद्याच्या हातून मरेल. अडचण एवढीच की बाई त्या घरात स्वतःहून काही कशाला ठेवतील?

आमिष लागणार. आणि माझ्याकडे आमिष म्हणून ठेवायला राजाशिवाय काहीच नव्हतं.

मी माझा राजा उचलला आणि त्या घराच्या थेट सरळ रेषेत, उघड्या मैदानात आणून ठेवला. आडोसा नाही, पहारा नाही. म्हणजे बाईंचा हत्ती सरळ धावत आला आणि त्या एका घरात थांबला, तर माझ्या राजाला शह. वर त्याच हत्तीनं त्यांचा राजाही झाकला जातो, म्हणजे माझ्या वजिराची ती मातही टळते. एका चालीत हल्लाही आणि बचावही. असं दुहेरी उत्तर दिसलं की गणिताच्या माणसाला राहवत नाही.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आमच्या टेबलाभोवती माणसं जमली होती, त्यातला एक म्हणाला, "डोकं फिरलं याचं." दुसरा म्हणाला, "सकाळपासून फिरलेलंच आहे, मी याच्याशी खेळलोय." दाराबाहेरून एक लांब, दुखावलेला हंबरडा ऐकू आला. तो दोस्ताचा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चेहरा शक्य तितका मूर्ख केला. त्याला कष्ट पडले नाहीत. बाईंच्या डोळ्यांत मला ते दिसलं, वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा फळ्यावर चुकीचं उत्तर लिहून अभिमानानं वळून बघतो तेव्हा बाईंच्या डोळ्यांत जी दया येते, ती. त्यांनी हत्ती उचलला. सरसर नेला. ठेवला.

"शह," त्या म्हणाल्या. आणि थर्मासचं झाकण उघडायला लागल्या.

मला पुढचं नीट आठवत नाही, कारण माझ्या कानात त्या क्षणी नाशिक ढोलाची सगळी पथकं एकदम वाजत होती. मी प्यादं उचललं, दुसऱ्या हातानं हत्ती उचलला, घाईत हत्ती खाली पडला, तो बाईंच्या पायाशी जाऊन थांबला, आणि प्यादं मी त्या घरात असं टेकवलं की टेबलाचा एक पाय वाकला. "शह" म्हणायचं तर तोंडातून "नमस्कार" निघालं.

बाईंनी पटाकडे बघितलं. राजाची घरं एकेक करून तपासली. झाकण परत लावलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "हे तू ठरवून केलंस?"

"हो बाई."

"खोटं बोलतोस."

"थोडं थोडं बाई."

"मी बाजूनं शह देत बसले असते तर तू काय केलं असतंस?"

बाजूनं शह देता येत होता हे मला तेव्हा कळलं. पाठीतून गंगेचं पाणी उतरल्यासारखं झालं. "बाई," मी म्हणालो, "मी घाबरून मेलो असतो."

त्यांनी हात पुढे केला. हसत होत्या. "प्याद्यानं मारलंस रे. पस्तीस पोरं हरवली मी या हॉलमध्ये आजवर, पण मला प्याद्यानं कुणी मारलं नव्हतं." पस्तीस हा आकडा त्यांचा, मी असतो तर पस्तीस हजार म्हणालो असतो.

पंचांनी निकाल लिहिला आणि दार उघडलं. उघडलं म्हणजे त्यांनी कडी काढली, बाकी काम दोस्तानं केलं. तो आत आला तो सकाळी न खपलेल्या झेंडूच्या माळा घेऊनच. त्याला वाटलं मी हरलो, आणि तो सांत्वनाच्या माळा घेऊन आला होता. जिंकलो कळल्यावर त्याच माळा त्यानं मला घातल्या, बाईंना घातल्या, पंचांना घातल्या, आणि एक त्या नवरदेवाच्या खुर्चीला घातली. मला उचलून स्टेजवर नेलं. शेवटच्या क्रमांकाच्या आसपास आलेल्या माणसाची एवढी मोठी मिरवणूक त्या कार्यालयानं बघितली नव्हती. पहिला क्रमांक आलेला मनुष्य बाजूला उभा राहून विचारत होता, "बक्षीससमारंभ सुरू झाला का?"

"भो," दोस्त माझ्या कानात ओरडला, "पण वजीर का नाय टाकला तू? मी सांगत होतो तर!"

"तुला नाही कळायचं."

"लय शहाणा झाला का रे एक मात देऊन?"

मी उडी मारून स्टेजवरून उतरलो. गळ्यात झेंडू, कपाळावर कुणीतरी लावलेला कुंकवाचा टिळा. भिंतीजवळची खुर्ची रिकामी होती. म्हाताऱ्यानं बघितलंच नाही की काय? बाहेर आलो तर सासरे कार्यालयाच्या पायऱ्यांवर सावलीत बसून बशीतून चहा पीत होते. मांडीवर त्यांची पांढरी टोपी. डोकं उघडं. त्या माणसाला मी एवढ्या वर्षांत टोपीशिवाय झोपलेलासुद्धा बघितला नव्हता.

मी त्यांच्या पायांशी उकिडवा बसलो. हसू आवरत नव्हतं, धाप आवरत नव्हती. गणिताच्या बाई मागून बाहेर येत होत्या, त्याही थबकल्या. दोस्तही गप्प झाला, हे जगाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे.

"मामा," मी म्हणालो, "बाहेरचा माणूस होता ना?"

त्यांनी मान हलवली.

"प्याद्याचीच मात होती ना?"

पुन्हा मान हलवली. बशी तोंडाला लावली, उरलेला चहा संपवला, बशी पालथी घातली.

"मग आता? आज घरी गेल्यावर मांडू या का डाव? वजीर पटावर राहील ना तुमचा?"

सासऱ्यांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि काठी टेकत उठले.

"व्हय," ते म्हणाले. "वजीर ठेवसू. आते हत्ती काढसू."